रॉक मशीन ते इंडस क्रीड : बँड बदलतो म्हणजे नेमकं काय बदलतं?

गाण्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘पहिले दोन अल्बम भारी होते रे, नंतर बिघडले ते.’ कुठल्याही बँडला लावा, फिट बसतं. बोलणाऱ्याने नंतरचे अल्बम ऐकलेले असतीलच असं काही नाही. सीनियरने सांगितलं म्हणून ज्युनियर सांगतो, अगदी व्हायवाच्या उत्तरांसारखं! मी बास गिटार वाजवतो. म्हणजे बँडमधला तो प्राणी, ज्याचा आवाज बंद पडला तरच लोकांना कळतं की तो होता. त्यामुळे बँडचा आवाज कशाने बनतो आणि कशाने बदलतो याकडे माझे कान जरा जास्तच टवकारलेले असतात. या लेखात तेच सांगायचा विचार आहे. मुख्य उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे, १९८४ साली सुरू झालेला रॉक मशीन, जो पुढे इंडस क्रीड झाला. पण आधी वाट थोडी वाकडी करून लंडनला जाऊन येऊ, कारण बासवाला गेला की काय होतं हे तिथे फार स्वच्छ ऐकू येतं.

तर जॅमिरोक्वाय. जे के नावाच्या टोपीवेड्या गायकाचा हा ब्रिटिश फंक बँड, १९९२ साली लंडनमध्ये सुरू झाला. फंक म्हणजे काय, असं मला घरी विचारलं होतं तेव्हा मी ‘सम’ या शब्दावर वेळ मारून नेली. पण विचार केला तर ते उत्तर काही वाईट नव्हतं. १९६० च्या दशकात अमेरिकेत जेम्स ब्राऊनने गाण्याचा सगळा भार मापाच्या पहिल्या ठोक्यावर टाकला. ड्रम, बास, गिटार, ट्रम्पेट, सगळे आपापलं तिरकं-तारकं वाजवत राहतात आणि पहिल्या ठोक्यावर धप्पकन एकत्र येतात. आपल्याकडे तबलजी समेवर येतो आणि माना डोलतात, तसंच काहीसं. फरक इतकाच की इथे सम दर चार ठोक्यांनी येते आणि मानेऐवजी कंबर हलते. सुरावट बहुतेक वेळा तीच ती, मिनिटंच्या मिनिटं फिरणारी. खरी गंमत दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत असते, आणि ती जागा सांभाळायचं काम बासवाल्याचं.

जॅमिरोक्वायचा पहिला अल्बम ‘इमर्जन्सी ऑन प्लॅनेट अर्थ’ १९९३ साली आला आणि ब्रिटनमध्ये थेट पहिल्या नंबरवर गेला. त्यात ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचं डिजरिडू नावाचं लांबलचक लाकडी वाद्य होतं, ब्रास होतं, तंतुवाद्यं होती, आणि स्टुअर्ट झेंडर नावाचा अगदी कोवळ्या वयाचा बासवाला होता. त्याचा बास गाण्याखाली न राहता गाण्याशी गप्पा मारतो. १९९४ चा दुसरा अल्बम आणि १९९६ चा ‘ट्रॅव्हलिंग विदाउट मूव्हिंग’ हा तिसरा, त्यातही झेंडरच. तिसऱ्यातल्या ‘व्हर्च्युअल इन्सॅनिटी’चा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच, तोच, ज्यात जे के सरकत्या जमिनीवर नाचतो. मेकॅनिकलवाल्यांसाठी सांगतो, तिथे जमीन सरकत नाहीच! जमीन स्थिर आहे, सरकतात त्या भिंती. भिंतींचा अख्खा डबा चाकांवर आहे आणि कॅमेरा त्या डब्यालाच जोडलेला. फ्रेम ऑफ रेफरन्स हा धडा पहिल्या वर्षाला असाच शिकवला असता तर माझे चार मार्क वाढले असते. असो.

१९९८ मध्ये चौथ्या अल्बमचं काम चालू असताना झेंडर बँड सोडून गेला. त्याच्याबरोबर केलेलं काम बाजूला ठेवून बँडने नव्याने गाणी उभी केली, आणि १९९९ ला ‘सिंक्रोनाइज्ड’ आला. ऐकून बघा. बास आहे, उत्तम आहे, पण आता तो ड्रमच्या मागे शिस्तीत चालतो. २००१ च्या ‘अ फंक ओडिसी’मध्ये तर सरळ डिस्को. ड्रमचा मोठा पाय दर ठोक्याला पडतो, आणि अख्ख्या गाण्यावरून एक लो-पास फिल्टर हळूहळू उघडत जातो. सिग्नल्सच्या पेपरात आपण ज्या कट-ऑफ फ्रीक्वेन्सीला शिव्या घालतो, ती इथे कोणीतरी हाताने फिरवतोय आणि लोक त्यावर नाचतायत. २००२ ला कीबोर्डवाला टोबी स्मिथही गेला. पुढे २००५, २०१० आणि २०१७ असे अल्बम आले, शेवटच्या ‘ऑटोमॅटन’मध्ये इलेक्ट्रॉनिक आवाज पुढे आणि फंक मागे. ‘बिघडले’ म्हणायचं असेल तर म्हणा. मला एवढंच दिसतं की पहिल्या तीन अल्बममध्ये गाणं बासवरून वर बांधलेलं होतं आणि तो पाया घालणारा माणूस निघून गेल्यावर त्यांना दुसऱ्या पायावर बांधावं लागलं. (पृथ्वीच्या काळजीचा अल्बम काढून सुरुवात करणाऱ्या जे केने पुढे फेरारींचा ताफा जमवला, हा विषय वेगळा. त्यावर आमच्याकडे एकदा सबमिशनच्या आदल्या रात्री दोन तास भांडण झालंय.)

आता मुंबईत येऊ.

रॉक मशीन १९८४ साली मुंबईत जमला. गिटारवर महेश तिनईकर, बासवर मार्क सेल्विन, ड्रम्सवर मार्क मेनेझिस. पहिला गायक इयन सांतामारिया, त्याच्यानंतर उदय बेनेगल. गिटारवर जयेश गांधी आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. नावं वाचूनच कळेल की हा बँड म्हणजे चर्चगेट लोकलचा डबा होता. त्या काळात आपल्याकडे रॉक बँड म्हणजे इंग्लंड-अमेरिकेची गाणी हुबेहूब वाजवणारी मंडळी. जितकं हुबेहूब तितका भारी. रॉक मशीननेही सुरुवात तशीच केली. पण काही वर्षांत त्यांनी एक गोष्ट ठरवली, ती म्हणजे आपली स्वतःची गाणी वाजवायची. आज हे वाचताना त्यात काय मोठंसं, असं वाटेल. स्टेजवर उभं राहिलेल्याला विचारा. समोरच्या हजार मुलांना माहीत असलेलं गाणं सुरू केलं की पहिल्या चार नोट्सना आरोळी उठते. स्वतःचं गाणं सुरू केलं की पहिली दोन मिनिटं लोक एकमेकांकडे बघतात, आणि वडापाव आणायला जाणाऱ्यांची रांग लागते. रॉक मशीन कॉलेजांच्या फेस्टिव्हलांत, मुंबईत आणि मुंबईबाहेर, असं वाजवत राहिला. १९८८ ला ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम आला आणि १९९० ला ‘द सेकंड कमिंग’. स्वतःच्या इंग्रजी रॉक गाण्यांचे अल्बम काढणाऱ्या आपल्याकडच्या अगदी पहिल्या बँडांपैकी हा एक.

या दोन अल्बमचा आवाज कसा आहे? मोठा. गिटारला भरपूर डिस्टॉर्शन, कीबोर्डचे रुंद पट्टे, ड्रम मोठ्या हॉलमध्ये ठेवल्यासारखे घुमणारे, आणि कोरसला सगळे मिळून गाणार. ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन हार्ड रॉकची घडण तीच होती. डिस्टॉर्शन म्हणजे दुसरं-तिसरं काही नसून ॲम्प्लिफायरला झेपेल त्याहून जास्त सिग्नल देणं. साइन वेव्हचे डोके कापले जातात, कापलेल्या वेव्हमध्ये नवे हार्मोनिक्स तयार होतात, आणि एका तारेतून दहा तारांचा भास होतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये क्लिपिंग आलं की सर म्हणतात सर्किट चुकलं. स्टेजवर त्याच क्लिपिंगसाठी लोक तिकीट काढतात!

पण हा आवाज मुंबईत काढायचा कसा, हा त्या वेळचा मोठाच प्रश्न होता. १९९१ च्या आधीचा काळ आठवा, म्हणजे आपल्यापैकी कोणालाच आठवणार नाही, घरी विचारा. परदेशी वाद्यांवर जबर आयात शुल्क. बाजारात सहज मिळायची ती कोलकात्याची गिव्हसन गिटार, आणि ती घेऊन परदेशी रेकॉर्डवरचा आवाज काढायचा म्हणजे लुनावर बसून बुलेटचा आवाज तोंडाने काढण्यासारखं. चांगला ॲम्प किंवा सिंथेसायझर कोणी नातेवाईक येताना घेऊन आला तर. त्यामुळे ज्याच्याकडे जे वाद्य त्याप्रमाणे बँडचा आवाज ठरायचा. आज आपण लॅपटॉपवर पाचशे ॲम्पचे आवाज उघडतो आणि एकही पसंत न पडून बंद करतो.

जागेचाही आवाज असतो. धोबी तलावचं रंगभवन हे उघड्यावरचं थिएटर या सगळ्या मंडळींचं पंढरपूर. १९७८ पासून तिथे जॅझ यात्रा झाली, १९८६ ला इंडिपेन्डन्स रॉक सुरू झालं. वर छप्पर नाही, त्यामुळे आवाज परतून येत नाही, सगळा आकाशात जातो. उघड्यावर बास पोचवणं तर सगळ्यात कठीण. कारण सांगतो. बास गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला कंप पावते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर तिची तरंगलांबी होते आठ मीटरच्या थोडी वर, म्हणजे आमच्या प्रॅक्टिसच्या खोलीच्या जवळजवळ दुप्पट! एवढी लांब लाट हलवायला मोठा स्पीकर आणि भरपूर वॉट लागतात. ते नसले की बास ऐकू येत नाही, मग बासवाला साधं वाजवायला लागतो, कारण बारीक नक्षी कोणाला पोचणारच नसते. मोठ्या मैदानावर वाजवणारे रॉक बँड सोपे, ठोक बास का वाजवतात आणि छोट्या क्लबमधून आलेले फंकवाले नक्षी का काढतात, याचं निम्मं उत्तर मला तरी यात सापडतं. रंगभवनच्या शेजारी हॉस्पिटलं आहेत. २००० नंतर शांतता क्षेत्राचे नियम लागू झाले आणि तिथले मोठे कार्यक्रम बंद पडले. आमच्या पिढीने रंगभवन फक्त सीनियर्सच्या बढायांतून पाहिलंय.

१९९१ ला दोन गोष्टी एका वर्षात झाल्या. अर्थव्यवस्थेची दारं उघडली आणि केबलवरून स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही घरात आलं. तोपर्यंत बँड ऐकायचा असायचा, आता तो बघायचा झाला. रॉक मशीनच्या ‘प्रिटी चाइल्ड’चा व्हिडिओ तिथे गाजला, एमटीव्हीच्या आशिया विभागाचं बक्षीसही मिळालं. शेजारी अमेरिकेचे, इंग्लंडचे व्हिडिओ, आणि मध्येच मुंबईची पोरं. आता जरा विचार करा. रंगभवनमध्ये तुम्ही अमेरिकन बँडसारखे वाजता ही शाबासकी असते. पण ज्या चॅनलवर खरे अमेरिकन बँड दर पाच मिनिटांनी लागतात, तिथे त्यांच्यासारखं वाजण्याची किंमत काय? तिथे कोणीतरी विचारणारच, की बाबा, तुझं स्वतःचं काय?

१९९३ साली रॉक मशीनने नाव बदलून इंडस क्रीड केलं. जॅमिरोक्वायचा पहिला अल्बम आला तेच वर्ष, हा निव्वळ योगायोग. पण दोघांसमोरचं कोडं मात्र सारखंच होतं. एक लंडनचा गोरा गायक अमेरिकन काळ्या लोकांचं फंक, ऑस्ट्रेलियन आदिवासींचं वाद्य आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या इरोक्वाय या नावाचा तुकडा घेऊन बँड काढतो. दुसरीकडे मुंबईतली मुलं ‘मशीन’ टाकून ‘इंडस’, म्हणजे सिंधू, नावात घेतात. १९९५ ला ‘इंडस क्रीड’ याच नावाचा अल्बम आला. गिटारचा आवाज आता कोरडा, कमी चमकदार. कोरसची आतषबाजी कमी, गाणी आतल्या आत धुमसणारी. आणि अधूनमधून भारतीय संगीताचा रंग. ‘ट्रॅप्ड’ हे गाणं ऐका आणि लगेच १९८८ चं एखादं लावा. माणसं बरीचशी तीच आहेत यावर विश्वास बसत नाही.

इथे जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली, असं आमच्या एका माजी विद्यार्थ्याने मला सांगितलं. त्यांच्या काळी होस्टेलवर यावरून दोन गट होते म्हणे. एकाचं म्हणणं, रॉकमध्ये देशी वाद्यं म्हणजे पिझ्झ्यावर पिठलं. दुसऱ्याचं म्हणणं, इतकी वर्षं नक्कल केली, आता कुठे आपलं काहीतरी करतायत. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, आणि त्याचं कारण मी राहतो ते गाव आहे.

मी गोराईला राहतो. गोरेगाव नाही, गोराई! बोरिवलीच्या बाजूचे म्हाडाचे प्लॉटही नाहीत, खाडीपलीकडचं गाव. रोज सकाळी फेरीबोटीने बोरिवलीच्या जेट्टीवर यायचं, मग बस, मग ट्रेन. ज्या दिवशी प्रॅक्टिस असते त्या दिवशी बास गिटार पाठीवर आणि छोटा ॲम्प मांडीवर. बोटीतल्या मासेवाल्या मावश्या ‘आज लगीन कुनाचं?’ असं विचारतात. त्यांचा प्रश्न बरोबर आहे, कारण आमच्याकडे वाद्य घेऊन निघालेला माणूस लग्नालाच जातो. गोराई, मनोरी, उत्तन या पट्ट्यात ईस्ट इंडियन लोकांची जुनी वस्ती आहे, ख्रिश्चन आणि मराठी बोलणारी. त्यांच्या लग्नात ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि मोठा ड्रम घेऊन बँड येतो आणि गाणी मराठी वाजतात. शेजारचे अंकल तिथे ट्रम्पेट वाजवतात. ट्रम्पेट कुठलं आणि ठेका कुठला, असा प्रश्न त्यांना कधी पडलेला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, ‘वाद्याला गाव नसते रे, वाजवनाऱ्याला असते.’ आणि पुन्हा वाजवायला लागले.

अंकलचं म्हणणं मला पटतं, पण त्यात एक तांत्रिक अडचण आहे, आणि तीच मला या सगळ्या भांडणात सर्वात महत्त्वाची वाटते. रॉक बँडमध्ये तबला आणला तर तो बसवायचा कुठे? स्टेजवर नव्हे, फ्रीक्वेन्सीमध्ये. तबल्याची चाटी उंच सुरात आहे, तिला जागा मिळते. पण डग्ग्याचा घुमारा नेमका तिथेच येतो जिथे बास गिटार आणि ड्रमचा मोठा पाय आधीच भांडत बसलेले असतात. तिघांनी एकदम वाजवलं की तिघांपैकी कोणीच नीट ऐकू येत नाही, नुसता चिखल होतो. मग मिक्सिंग करणारा डग्ग्याचा खालचा भाग कापून टाकतो. उरतो तो टिकटिक करणारा, हवाई जाहिरातीतल्यासारखा तबला. लोक म्हणतात, वरवरचं वाटतंय. वाटणारच, त्याचं पोट कापलेलं आहे! देशी वाद्याला खरी जागा द्यायची तर कोणीतरी उठून जागा करून द्यावी लागते. बासने गप्प बसायला हवं, किंवा ड्रमच्या पायाने, किंवा गिटारने दोन मापं थांबायला हवं. म्हणजे गाणंच वेगळं लिहायला हवं. सहा माणसांच्या, दहा वर्षं ‘मोठा’ आवाज काढायची सवय झालेल्या बँडला हे किती जड गेलं असेल याची कल्पना करा. इंडस क्रीडचा १९९५ चा अल्बम मला त्यासाठीच आवडतो. काही ठिकाणी जागा करून दिलेली ऐकू येते, काही ठिकाणी दोन बँड एकाच खोलीत अडकल्यासारखे वाटतात. जॅमिरोक्वायच्या डिजरिडूचंही तेच झालं. तेही खालच्याच पट्टीत घुमणारं वाद्य. पहिल्या अल्बममध्ये त्याला मोकळी जागा होती, डिस्को आल्यावर जागा उरली नाही.

इंडस क्रीडची वेळही वाईट होती. त्याच १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ आलं. १९९६ ला हरिहरन आणि लेस्ली लुईस यांचा कलोनियल कझिन्स आला. १९९४ ला एमटीव्ही स्टारमधून बाहेर पडलं, त्या जागी चॅनल व्ही आलं, आणि दोघांनाही लवकरच कळलं की आपल्या देशात हिंदीत गायलं की जास्त लोक बघतात. इंडिपॉपची लाट आली आणि इंग्रजी रॉक पुन्हा कॉलेजच्या मैदानात परतलं. १९९७ मध्ये इंडस क्रीड थांबला. उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तिथे ‘आम्स फॉर शांती’ हा प्रकल्प केला. त्यात भारतीय संगीताचा भाग आणखी पुढे आला. मुंबईत जे अर्धं राहिलं होतं ते त्यांनी न्यूयॉर्कमध्ये जाऊन पुरं करायला घेतलं, असं मला ते ऐकताना वाटतं. पुढे बेनेगल आणि तिनईकर दोघंच ‘व्हर्लिंग कलापाज’ या नावाने अकूस्टिक वाजवायला लागले. म्हणजे ज्यांनी सगळ्यात मोठ्या आवाजात सुरुवात केली ते फिरून दोन गिटारींवर आले.

२०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा जमला. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे जुने, आणि बासवर रुशाद मिस्त्री, ड्रम्सवर जय राव कवी हे नवे. लक्षात घ्या, बदलले ते बास आणि ड्रम्स. घराचा पायाच नवा. २०१२ ला ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला, मिक्सिंग टिम पामरचं. पर्ल जॅमचा ‘टेन’ ज्याने मिक्स केला तोच हा माणूस. ‘फायरफ्लाइज’ आणि ‘डिसॉल्व्ह’ ही दोन गाणी चांगल्या हेडफोनवर ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर नको. मोबाईलचा स्पीकर ४१ हर्ट्झ काढूच शकत नाही. वरचे हार्मोनिक्स ऐकून आपला मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो आणि आपल्याला वाटतं बास ऐकला. या अल्बममध्ये तबल्याचा, सिंधूचा आग्रह नाही, ऐंशीची आतषबाजीही नाही. गाणी लांब, ड्रम वळणं घेत जाणारे, आणि बासला बऱ्याच जागा. जुनी गाणी ऐकायला आलेल्यांना हा अल्बम परका वाटला असेल तर नवल नाही. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या अल्बममध्ये हा सर्वात सरस आहे, आणि ‘पहिले दोन भारी’वाल्यांशी या बाबतीत मी केव्हाही, कुठेही वाद घालायला तयार आहे. फक्त सबमिशनच्या आठवड्यात नको.

हे सगळं मी इतकं उकरून काढलं त्याला एक घरगुती कारण आहे. आमच्या चौघांच्या बँडला यंदाच्या फेस्टिव्हलमध्ये वीस मिनिटं मिळाली आहेत, साउंड चेक धरून. म्हणजे फार तर चार गाणी. आम्ही सगळे शेवटच्या वर्षाला. ड्रमरला पुण्याला नोकरी लागली आहे, जुलैत जॉइनिंग. गिटारवाला एमएससाठी जर्मनीचे फॉर्म भरतोय. म्हणजे या बँडचं हे पहिलं मोठं स्टेज आणि बहुतेक शेवटचंही. गिटारवाल्याचं म्हणणं, लोकांना माहीत असलेली चार गाणी वाजवू, आरोळ्या घेऊ आणि निघू. कीबोर्डवालीचं म्हणणं, आपली स्वतःची दोन तरी हवीत, आणि त्यातल्या एकात घुमट हवं. घुमट म्हणजे एका तोंडाला कातडं ताणलेलं मातीचं मडकं. आमच्या गोराईच्या ईस्ट इंडियन गाण्यांत ते असतं, गोव्यात तर असतंच. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत. घोरपडीला वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळाल्यावर बकरीचं लावतात. मडक्याच्या दुसऱ्या, उघड्या तोंडावर तळहात कमी-जास्त दाबला की सूर खाली-वर होतो. फिजिक्सवाल्यांनी हेल्महोल्ट्झ रेझोनेटर आठवावा. गिटारवाला म्हणाला, हे म्हणजे पर्यटन खात्याची जाहिरात वाटेल. त्यावर ती म्हणाली, तुझी गिटार लेमिंग्टन रोडची आणि तुझं सोलो लॉस एंजेलिसचं, मग जाहिरात कोणाची? दोन दिवस बोलणं बंद होतं.

मी घुमटाच्या बाजूने मत दिलं. एक घुमट अंकलकडून मागून आणलंय. दमट हवेत त्याचं कातडं सैल पडतं, म्हणून बोटीतून आणताना ते टॉवेलमध्ये गुंडाळावं लागतं आणि वाजवायच्या आधी उन्हात ठेवावं लागतं. पहिल्या प्रॅक्टिसला व्हायचं तेच झालं. घुमट आणि बास एकमेकांवर चढले आणि नुसता गडगडाट झाला. ड्रमर म्हणाला, ढग आलेत, छत्र्या काढा. मग आम्ही गाणं पुन्हा मांडलं. पहिली सोळा मापं फक्त घुमट आणि कीबोर्ड. माझे दोन्ही हात तारांवर आडवे, तारा गप्प. सतराव्या मापाच्या पहिल्या ठोक्याला बास येतो आणि तिथून घुमट फक्त मधल्या रिकाम्या जागांत वाजतं. गिटारवाल्याने त्यात स्वतःहून आठ मापं कमी केली, अजून तोंडाने काही कबूल केलेलं नाही. बाकीची दोन गाणी लोकांच्या ओळखीची ठेवली आहेत, तेवढी तडजोड झाली.

आता अडचण एवढीच आहे की आमची वेळ संध्याकाळी साडेसातची आहे, आणि त्या वेळी ऊन कुठून आणायचं. कोणाकडे ५०० वॉटचा हॅलोजन असेल तर कळवा.